अनोळखी यंत्र, ओळखीचा चेअरमन

राहणारा : जानेवारी २०२१ आठवतोय ना? व्हॉट्सॲपचं नवं धोरण आलं, इलॉन मस्कनं ‘सिग्नल वापरा’ एवढंच लिहिलं, आणि आठवड्याभरात आमचे निम्मे नातेवाईक सिग्नलवर जाऊन बसले. गर्दी एवढी झाली की महिन्याच्या मध्यावर सिग्नलच बंद पडलं. सुरू व्हायला दिवस गेला. त्यातले आज तिथे किती उरलेत? अमुक सिग्नलवर आले, तमुक आले, अशा सूचना दिसतात आणि त्याखाली एक अक्षर नाही. माणसं परत आली, कारण सोसायटीचा टँकर कधी येणार हे व्हॉट्सॲपवर कळतं. शाळेचा गृहपाठ तिथे येतो, रक्ताचे रिपोर्ट तिथे येतात, भाजीवाली सकाळी आजचे भाव तिथेच टाकते. तू बाहेर पडलीस. मग टँकरचं तुला कोण कळवतं? शेजारीण वेगळा एसएमएस करते. म्हणजे खाजगीपण तुझं आणि राबणूक तिची. आणि एवढं करून मिळवलंस काय? मजकुराला कुलूप व्हॉट्सॲपवरही २०१६ पासून आहे, आणि तेही सिग्नलनंच घडवलेलं.

सोडणारी : शेजारणीचं म्हणशील तर कबूल. तिचे उपकार आहेत, आणि मी ते फेडत नाही. पण मजकुराच्या कुलपावर तू थांबलास, माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मी कुणाशी, किती वाजता, दिवसातून किती वेळा बोलते, कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे, हे मजकूर न वाचताही कळतं. कर्करोगाच्या डॉक्टरांना रात्री अकराला फोन, मग बहिणीला, मग विम्याच्या एजंटला. यातलं एक वाक्य न ऐकताही घरात काय झालंय ते तू सांगशील. सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीनं माहिती मागितली होती. त्यांच्याकडून निघालं काय, तर खातं कधी उघडलं ती वेळ आणि शेवटचं कधी जोडलं गेलं ती तारीख. बाकी काही त्यांनी साठवलंच नव्हतं. ‘आम्ही देणार नाही’ असं म्हणणारी संस्था उद्या मालक बदलला की देऊ शकते. व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकनं घेतलं तेव्हा असंच काहीबाही सांगितलं होतं. ज्याच्याकडे नाहीच, त्याला मालक बदलून काय फरक पडणार?

आणि २०२१ च्या त्या धोरणाबद्दल आपल्याच स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. पुढे अपिलं झाली, ती होतातच. पण आयोगाचा मुख्य आक्षेप वाचण्यासारखा आहे : घ्या नाहीतर चालू लागा, अशी अट घातली आणि चालू लागायला लोकांना जागाच नव्हती. तुझा टँकर हेच सांगतो. तू त्याला राहण्याचं कारण म्हणतोस. मला त्यात तक्रारीचं कारण दिसतं.

राहणारा : ठीक. मग मला सांग, तू लपतेयस कुणापासून? कारण ‘प्रायव्हसी’ म्हटलं की सगळे एकाच राक्षसाकडे बोट दाखवतात, आणि आपल्याकडे त्रास देणारे बहुतेकदा दुसरेच असतात. लॉजवर आधारची झेरॉक्स घेतात, ती कुठे जाते? घर बघायला एका ठिकाणी नंबर दिला की पुढची दोन वर्षं कर्ज देणारे फोन करतात. सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये तुझ्या मोलकरणीची येण्याजाण्याची वेळ सगळ्या विंगला दिसते. यातलं काय थांबलं तुझी मेल जीमेलवरून हलवून? उलट बाजूला जा. सरकारी पातळीवरचा कुणी मागे लागलाच, तर तो ॲपच्या कुलपाशी झटापट करत बसत नाही. २०१९ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनं सुमारे १४०० लोकांना लक्ष्य केलं, तेव्हा फोनच ताब्यात घेण्याचा प्रयत्न होता. फोन गेला की त्यावरचं सिग्नल काय आणि व्हॉट्सॲप काय.

आणि या मधल्या जागेतसुद्धा, जिथे तुझे पर्याय चालायला हवेत, तिथे काय होतं बघ. प्रोटॉन मेल स्वित्झर्लंडची, शास्त्रज्ञांनी काढलेली. २०२१ मध्ये स्विस सरकारच्या आदेशावरून त्यांनी एका फ्रेंच आंदोलकाचा आयपी पत्ता नोंदवला आणि तो फ्रेंच पोलिसांपर्यंत पोचला. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं तीच सेवा देशात बंद करण्याची पावलं उचला, असं केंद्राला सांगितलं. त्याआधी २०२३ मध्ये काश्मीरचं कारण देऊन केंद्रानं एका दमात चौदा मेसेंजर बंद केले. एलिमेंट, ब्रायर, थ्रीमा, सगळी तुझ्या यादीतली नावं. जीमेल कुणी बंद करणार नाही, सगळे तिथेच आहेत म्हणून. तू गर्दीतून बाजूला झालीस ती नजरेआड व्हायला, आणि झालीस नेमकी उठून दिसणारी.

सोडणारी : फ्रेंच प्रकरणात प्रोटॉननं आयपी दिला हे खरं. पत्रांतला मजकूर ते देऊ शकले नाहीत, हेही खरं. पण हा एवढासा दावा त्यांच्या जाहिरातीत जरा फुगवून लिहिलेला होता, आणि प्रकरणानंतर तो त्यांना बदलावा लागला. मला ती घटना उपयोगी वाटते. कोणती सेवा काय देऊ शकत नाही एवढंच विचारायचं, ती काय देणार नाही म्हणते त्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे मी तिथून शिकले.

पण तू मला लपणारी समजतोस, तिथे गडबड आहे. माझ्याकडे लपवण्यासारखं फार काही नाही. मला भीती वेगळी आहे : सगळं आयुष्य एका खात्याला टांगलेलं आहे आणि ते खातं माझं नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाची हकीकत आली होती. मुलाला संसर्ग झाला, डॉक्टरांसाठी फोटो काढला, गूगलच्या यंत्रानं तो मुलांच्या लैंगिक शोषणाचा ठरवला. खातं बंद. मेल, फोटो, फोन नंबर, सगळं एका दिवसात गेलं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा झालेला नाही असं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. कुणी दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. दाद मागायला माणूसच नव्हता.

आणि हे माणसांपुरतं आहे असं समजू नकोस. गुजरातमधल्या वाडीनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे, देशातल्या मोठ्यांपैकी. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा वाटा, म्हणून जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं निर्बंध लादले, आणि मायक्रोसॉफ्टनं नायराच्या सेवा थांबवल्या. भारतातली कंपनी, भारतातले कर्मचारी, परवान्याचे पैसे भरलेले, भारतात कुठल्याही कोर्टाचा हुकूम नाही. लोकांची मेल उघडेना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांनी सेवा सुरू झाली. मधल्या काळात ते कुणाकडे गेले माहितीये? रेडिफकडे.

राहणारा : रेडिफ! माझं पहिलं खातं तिथलंच. पण बघ, आत्ता तू जागा बदललीस. सुरुवात केलीस खाजगीपणापासून आणि येऊन पोचलीस स्वदेशीवर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कित्येकदा एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये झोहोच्या ‘अरट्टई’वर देशभर उड्या पडल्या. मंत्री शिफारस करत होते. आणि त्या घटकेला त्यातल्या लेखी संदेशांना टोकापासून टोकापर्यंतचं कुलूपच नव्हतं. फोनकॉलना होतं, मजकुराला नव्हतं. म्हणजे लोक देशप्रेमापोटी जास्त कुलपाकडून कमी कुलपाकडे धावले. ‘कू’ आठव, ट्विटरला देशी पर्याय म्हणून तीही अशीच वाजतगाजत आली आणि जुलै २०२४ मध्ये बंद झाली. लिहिलेलं घेऊन कोण कुठे गेलं?

सर्व्हर देशात आला की तो देशाच्या पोलिसांच्याही जवळ येतो. २०२३ चा विदा संरक्षण कायदा कंपन्यांवर बंधनं घालतो, पण सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय त्यातच आहे. उलट ज्या व्हॉट्सॲपला तू सोडलंस, त्यानं संदेश मूळ कुणी पाठवला हे शोधून देण्याच्या नियमाविरुद्ध २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं की कुलूप मोडायला लावलंत तर आम्ही इथून जाऊ. पुण्यातल्या किंवा चेन्नईतल्या कुठल्या कंपनीचा वकील हे म्हणू शकेल? तिला जायला दुसरा देश नाही. मोठं आणि परकं असण्याचा एक उपयोग आहे, आणि तो आपल्यालाच होतो.

सोडणारी : हे तू म्हणालास ते मला टोचतं, कारण ते बरोबर आहे. म्हणून मी झेंडा बघून सेवा निवडत नाही. मी दोन गोष्टी बघते. माझं सामान मला दुसरीकडे वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येतं का, आणि हीच सेवा उद्या दुसरा कुणी चालवू शकतो का. मेल हे त्याचं जुनं उदाहरण. रेडिफवरून जीमेलला पत्र जातं, कुणाची परवानगी लागत नाही. स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, वर्षाला हजार-दीड हजाराच्या आत, की पत्ता तोच ठेवून मागचा पुरवठादार बदलता येतो. लोकांना हे अवघड वाटतं. नाहीये ते अवघड. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी आपण बदलतोच की.

आणि मराठी माणसाला तर हे कुणी अमेरिकेहून येऊन शिकवायला नको. आपले प्रकाशक आणि वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं श्रीलिपीत अक्षरजुळणी करत आली. कंपनी पुण्याची, माणसं आपली, काम उत्तम. पण त्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. ‘क’च्या जागी आतमध्ये भलतंच चिन्ह. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पानभर गिचमीड. किती पुस्तकांच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा टाइप करायला माणसं बसवावी लागली, विचार कुठल्याही प्रकाशकाला. रूपांतर करणारी साधनं पुढे आली, तरी जोडाक्षरं आणि रफार तपासायला माणूस लागतोच. गूगलचं ऑर्कुट घे. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. मराठी कवितेच्या, किल्ल्यांच्या, पाककृतींच्या किती कम्युनिटी होत्या त्यावर, आणि वादावादी तर विचारू नकोस. गूगलनं काही काळ ते सगळं वाचायला ठेवलं आणि मग तेही काढलं. आणि ‘मायबोली’? १९९६ पासून चालू आहे. ऑर्कुटच्या आधीची, आणि ऑर्कुटच्या नंतरचीही.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालायचा मोह होतो. श्रीलिपीचं उदाहरण मोठ्या परदेशी कंपन्यांवरच्या आरोपपत्रात सहसा नसतं, आणि असायला हवं. पण मायबोलीचं उदाहरण जरा सोयीचं निवडलं आहे. त्याच काळात लोकांनी स्वतःच्या पैशांनी काढलेली कित्येक मराठी संकेतस्थळं डोमेनचं नूतनीकरण राहिलं म्हणून गेली, आणि त्यांच्या बंद होण्याची बातमीसुद्धा झाली नाही. गूगलच्या ब्लॉगस्पॉटवर २००७ साली लिहून सोडून दिलेली मराठी पानं आजही उघडतात.)

राहणारा : मी तेच म्हणणार होतो. आणि तुझं खुलेपणाचं प्रमेय यूपीआयवर तपासून बघ. याहून खुली रचना कुठे मिळणार? बँक कुठलीही, ॲप कुठलंही, समोरच्याचं ॲप वेगळं असलं तरी पैसे जातात. राष्ट्रीय देयक महामंडळानं चालवलेली वाट, स्वतःचं भीम ॲप २०१६ च्या डिसेंबरात काढलेलं. आणि तरी जवळजवळ ऐंशी टक्के व्यवहार दोन ॲपवर : फोनपे आणि गूगल पे. फोनपेमागे वॉलमार्ट. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून जास्त वाटा नको, असं २०२० मध्ये ठरलं, आणि मुदत ढकलत ढकलत २०२६ अखेरवर नेली. जायला कुणी अडवलेलं नाही, तरी कुणी जात नाही. लोक मूर्ख नाहीत. जे चालतंय ते सोडायला त्यांना कारण लागतं, आणि तू देतेस ते कारण त्यांच्या दिवसात कुठेच येत नाही.

माझी आई घे. तिनं आयुष्यात टायपिंग केलं नाही. २०१७ मध्ये गूगलचं बोलून लिहिणं मराठीत आलं, तेव्हापासून ती लिहायला लागली. नागपूरच्या बहिणीला रोज चार ओळी पाठवते, तीही अगदी वऱ्हाडी ढंगात, आणि यंत्राला कळतं. तुझ्या खाजगी पर्यायांना मराठी कळतं का? त्यांना इंग्रजी कळतं, जर्मन कळतं. आईचं बोलणं गूगलच्या सर्व्हरवर जात असेल. जाऊ दे. त्याच्या बदल्यात तिला लिहिता आलं.

सोडणारी : याच्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कळफलक आहे. केरळच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी केलेला इंडिक कीबोर्ड मराठी लिहितो आणि काही पाठवत नाही. बोलण्याचं म्हणशील तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये लोक मराठी आवाज दान करतात, आयआयटी मद्रासची एआयफॉरभारत मराठीसाठी खुली प्रारूपं काढते. पण आईच्या फोनवर एका बोटानं चालेल असं मी आज देऊ शकत नाही. आईला हलवू नकोस.

एकेकट्या माणसाला हलवायला गेलं की असंच होणार, असं मला वाटायला लागलंय. हे काम संस्थांचं आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं मायक्रोसॉफ्टचं ऑफिस काढून सुमारे तीस हजार सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस बसवायचं ठरवलं, आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांवर मेलपेट्या हलवून झाल्या. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकवतायत. तिथल्या शिक्षकाला ती क्रांती वगैरे वाटत नाही, शाळेचा कॉम्प्युटर वाटतो. आणि महाराष्ट्रानं ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीत, गूगल क्लासरूमचा हात धरला. घाईत दुसरं सुचलं नसेल, मी दोष देत नाही. पण पोरांना पहिलं खातं कुणी उघडून दिलं, तर सरकारनं.

राहणारा : आणि म्युनिक? ते गाळलंस. २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून पंधराएक हजार संगणक हलवले, जगभर गाजावाजा झाला, आणि २०१७ मध्ये नगर परिषदेनं पुन्हा विंडोजवर जायचा ठराव केला. सत्ता बदलली की संगणक बदलतात. तुझं केरळही एका निवडणुकीवर अवलंबून आहे.

आणि पैसे? सिग्नलनंच २०२३ मध्ये सांगितलं की वर्षाचा खर्च पाच कोटी डॉलरांकडे चाललाय. तो देणग्यांतून. मुळात फाउंडेशनला पाच कोटी कुणी दिले, तर व्हॉट्सॲपच्या एका संस्थापकानं, व्हॉट्सॲप विकून आलेल्या पैशांतून. सर्व्हर कुणाचे? २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनची यंत्रणा कोलमडली आणि सिग्नल पडलं, तेव्हा सगळ्यांना कळलं. फायरफॉक्सच्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलच्या करारातून. डकडकगोची उत्तरं बरीचशी मायक्रोसॉफ्टच्या बिंगमधून. गूगलविरहित फोनसाठी सगळ्यात कडक म्हणतात ती ग्राफीन ही प्रणाली वर्षानुवर्षं चालली कशावर? गूगलच्याच पिक्सेलवर. महागडा फोन गूगलकडून घ्यायचा, गूगलला घालवण्यासाठी. आमच्या वॉचमनला हे सांगून बघ.

सोडणारी : वॉचमनला मी सांगत नाही, मी मला सांगतेय. तरी पैशाचा मुद्दा रास्त आहे. फुकटच्या सेवेची सवय लागलेल्या देशात परदेशी कार्डानं महिन्याला पैसे भरा म्हणणं म्हणजे खाजगीपण वरच्या वर्गाची चैन करणं. म्हणूनच मी घरी सर्व्हर ठेवला. नेक्स्टक्लाउड, फुकट आणि मुक्त. जुना लॅपटॉप, दोन डिस्का. वीज गेली तर इन्व्हर्टर. इंटरनेटवाल्यानं स्वतंत्र पत्ता न देता सगळ्या गल्लीला एकाच पत्त्यामागे बसवलेलं असतं, तर त्यातूनही वाट काढता येते. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, मुलीच्या शाळेचं, सासऱ्यांचे रिपोर्ट, आता घरात आहेत. गूगलला त्यातलं काही दिसत नाही.

राहणारा : तुला दिसतं?

सोडणारी : म्हणजे?

राहणारा : सर्व्हर तुझा, पासवर्ड तुझा. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिनं काढलेले फोटो त्या डिस्केवर आपोआप जातात. तू उघडून बघत नसशील, मला खात्री आहे. पण बघू शकतेस, आणि तिला ते माहीत आहे. तूच मघाशी शिकवलंस, काय करणार नाही ते विचारायचं नाही, काय करू शकत नाही ते विचारायचं. आता तेच तुला लावतो. आणि तू बरी. हा सर्व्हर ज्या घरात संशयी नवऱ्याच्या ताब्यात असेल, तिथे? आपल्या समाजात कितीतरी मुलींना गूगलच्या खात्याइतकी खाजगी जागा दुसरी मिळालेली नाही. खोली नाही, कपाटाला कुलूप नाही. गूगलचं यंत्र तिचं सगळं वाचत असेल, पण ते तिला ओळखत नाही, तिच्या मामाला फोन करत नाही, तिचं लग्न ठरवत नाही. तू तिला परक्या यंत्राच्या नजरेतून सोडवलंस आणि आईच्या नजरेखाली आणून बसवलंस.

सोडणारी : हे मी याआधी ऐकलेलं नाही. आणि आवडलंही नाही.

थांब, पण हा वाद मी सोडणार नाही. तू म्हणतोस ते घरच्या सर्व्हरला लागू आहे, सगळ्या पर्यायांना नाही. प्रत्येकाची किल्ली प्रत्येकाकडे असेल तर सांभाळणाऱ्याला काही दिसायचं कारण नाही. फोटोंसाठी ‘एन्टे’ आहे, भारतीय अभियंत्यांनीच सुरू केलेलं, फोटो फोनमधून निघतानाच कुलूपबंद होतात. मी ते माझ्या सर्व्हरवर बसवलं तर मुलीचे फोटो माझ्या डिस्केवर असतील आणि मला फक्त न उकलणारी अक्षरं दिसतील. आणि याहून पुढे जाते. घरोघरी सर्व्हर हा वेडेपणा आहे, मान्य. पण महाराष्ट्रात दूध, साखर, पतपेढ्या सहकारानं उभ्या केल्या की नाही? मग शंभर-दोनशे कुटुंबांची, नाहीतर तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची, एक सहकारी सेवा का असू नये? मेल, फोटो, कागदपत्रं. भागभांडवल सभासदांचं, नोकरीवर ठेवलेला एक जाणकार. परदेशी कार्ड नको, परदेशी निर्बंध नकोत, आणि दाद मागायला समोर माणूस.

राहणारा : सहकार! त्या समोरच्या माणसाचं नाव चेअरमन. निवडणूक बिनविरोध, पुतण्या संचालक, आणि जाणकार म्हणून ठेवलेला पोरगा संचालकाच्या मेव्हण्याचा. पतपेढ्यांत ठेवी बुडाल्या तेव्हा लोकांनी दाद मागितली, ती कुणाकडे आणि किती वर्षं, हे तुला माहीत आहे. माझी मेल अमेरिकेतल्या यंत्रानं वाचली तर मला बुटांची जाहिरात दिसेल. चेअरमननं वाचली तर माझं पाणी बंद होईल.

सोडणारी : कुलूप असेल तर चेअरमनला वाचता येणार नाही. तेच तर सांगतेय. तो पाडेल, बंद करेल, दर वाढवेल, ते सगळं होऊ शकतं. मग आम्ही सामान उचलून शेजारच्या तालुक्याच्या संस्थेत जाऊ, कारण सगळीकडे तेच मुक्त सॉफ्टवेअर. पण उघडून वाचणं त्याच्या हातात नसेल. मला वाटतं माझी मागणी आता नीट मांडता येतेय, आणि ती तुझ्यामुळे. सांभाळणारा इतका जवळचा हवा की त्याच्या दारात जाऊन भांडता येईल, आणि त्याला काही दिसता कामा नये. गूगल दोन्ही बाजूंनी उलटं आहे : सगळं दिसतं आणि भांडायला कुणी नाही.

राहणारा : मांडणी छान आहे, पण एक किंमत तू सांगितली नाहीस. ज्याला दिसत नाही, त्याला मदतही करता येत नाही. आई दर दोन-तीन महिन्यांनी पासवर्ड विसरते. गूगल फोनवर एक आकडा पाठवतं, ती तो वाचून दाखवते, मी टाकतो, झालं. हे होतं कारण कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे आहे. तुझ्या आंधळ्या सांभाळकऱ्याकडे दुसरी किल्ली नाही. आई विसरली की बाबांचे फोटो गेले. कायमचे. चेअरमनच्या दारात जाऊन भांड किती भांडायचं ते, त्याच्या हातातच काही नाही. आणि आई गेल्यावर आम्हाला तिचे कागद कसे मिळणार? ज्या गुणासाठी तू ही सेवा निवडलीस, तोच गुण अडचणीच्या दिवशी आमच्यावर उलटतो. म्हातारी माणसं, आजारी माणसं, दोन फोन हरवणारी माणसं. बहुतेक लोकांच्या आयुष्यात कुणी पाळत ठेवण्याचा दिवस येत नाही. विसरण्याचा दिवस प्रत्येकाच्या येतो.

सोडणारी : त्याला उत्तर आहे, आणि तेही जुनं. आदी शामिर नावाच्या गणितज्ञानं १९७९ मध्ये मांडलेलं. किल्लीचे पाच तुकडे करायचे आणि पाच जणांना द्यायचे. कुठलेही तीन एकत्र आले तर किल्ली पुन्हा बनते, दोघांनी कितीही डोकं लढवलं तरी काहीही कळत नाही. आईची किल्ली अशी वाटून ठेव. ती विसरली की तिघांनी एकत्र यायचं.

राहणारा : गणित पटलं. माणसं कुठून आणू? तिघं असे हवेत की गरज पडली तर एकत्र येतील, आणि गरज नसताना येणार नाहीत. आमच्या घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणजे त्या दोघांची गरज लागली तर किल्ली कधीच बनणार नाही. आणि बहीण व मी रोज बोलतो, त्यात तिसरी वहिनी मिळाली की आईला न विचारता आम्ही उघडू शकतो. आईला हे कळलं तर ती काय ठेवेल त्यात?

सोडणारी : मग सगळे घरातले घेऊच नकोस. दोन घरातले, तीन बाहेरचे. बाहेरचा असा की त्याला आईबद्दल उत्सुकता नाही, पण बोलावलं तर येईल.

राहणारा : वकील?

सोडणारी : वकील फी घेईल आणि कागद कारकुनाकडे देईल. बँकेचं लॉकर चालेल, पण ते उघडायला पुन्हा घरातलाच माणूस लागतो. मैत्रीण बरी. तिच्या वयाची नको, तुझ्या वयाची. माझ्या मुलीच्या किल्लीचंही हेच करायला हवं, मघापासून तेच डोक्यात आहे. तिचा एक तुकडा माझ्याकडे असावा का, हेच मला ठरवता येत नाही. तुझ्याकडे देऊ?

राहणारा : दे. पण मी तो कुठे ठेवणार ते आधीच सांगतो. गूगल ड्राइव्हवर.